शेवटची ओ

१

डोंगरावर झाडं लावायला जायचं हे धाकटीच्या डोक्यातलं खूळ होतं, आणि धाकटीच्या डोक्यात खूळ शिरलं की थोरलीच्या पायात चपला, हे त्यांच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं. थोरलीने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. निवृत्त झाल्यावर आता जरा स्वस्थ बसू, कुणाचा आवाज कानावर नको, असं ती म्हणत होती. धाकटी घरीच केक-बिस्किटं करून विकायची आणि आलेल्या गिऱ्हाइकाला बोलून बोलून बेजार करायची. दोघी बहिणी आईजवळ राहत. निघताना आईने थोरलीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हिला जशी नेतेस तशी परत आण. पन्नाशीला आलेल्या बाईबद्दल असं सांगतात का, म्हणून दोघी वाटेत बराच वेळ हसल्या होत्या.

डोंगराची एक अख्खी बाजू लाकडाच्या कंपनीने कधीकाळी उघडी केली होती आणि तिथे कवायतीला उभी केल्यासारखी परदेशी झाडं लावली होती. झाडं मोठी झाली, कापून झाली, कंपनीही गेली. मागे राहिला बोडका उतार आणि त्यावर माजलेली काटेरी विलायती झुडपं. आता तिथे स्वयंसेवक येत, महिनाभर कंपनीच्या जुन्या बराकीत राहत, झुडपं मुळासकट उपटत आणि त्या जागी डोंगराची मूळची झाडं लावत. त्यांच्यावरचा मुकादम पूर्वी त्याच कंपनीत तोडीच्या कामावर होता. त्या वेळी दोन वेळचा मार मिळायचा, आता दोन वेळचा चहा मिळतो, एवढाच त्याच्या मते फरक होता.

काम करायची एक पद्धत होती. सगळे उतारावर एकाखाली एक उभे राहत, प्रत्येकाने आपापली पट्टी सांभाळायची. दुपारची जेवणं झाली की ढग खालून चढायचा आणि मग स्वतःचा हातसुद्धा अंदाजाने शोधावा लागे. म्हणून मुकादम सगळ्यात वरून मधूनमधून ओरडायचा, “आहात काऽऽ?” त्याच्या खालचा ओ द्यायचा, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. आपल्या वरच्याची ओ आल्याशिवाय आपण द्यायची नाही. एखाद्याची ओ आलीच नाही तर हत्यारं खाली ठेवायची, त्याच्या वरच्याने खाली यायचं, खालच्याने वर जायचं आणि मधलं माणूस सापडेपर्यंत दोघांनी परतायचं नाही.

थोरलीच्या वरच्या पट्टीत एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांना सगळे पोस्टमनच म्हणत आणि ते या दोघींना थोरल्या बाई, धाकट्या बाई म्हणत. सगळ्यात खाली, रांगेच्या शेवटी धाकटी असे, कारण ती प्रत्येक रोपाशी गप्पा मारत बसे आणि मागे पडे. शेवटची ओ तिची. तीही तिला साधी देता येत नसे. “ओऽऽ, आहे अजून!” असं ती गाण्यासारखं लांबवून म्हणे आणि वरपर्यंत सगळे हसत.

२

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी ढग जेवणाआधीच आला. थोरली रोपाभोवतीची माती टाचेने दाबत होती. खालून धाकटीची बडबड येत होती. एका रोपाला ती सांगत होती की नीट उभा राहा, वाकायला तुला पुढे पुष्कळ दिवस आहेत. तेवढ्यात वर कुठेतरी डोंगर खाकरला आणि दगड घरंगळत गेले. मुकादमाची शिट्टी वाजली आणि वाजतच राहिली. शिट्टी म्हणजे सगळं टाकून वर.

धुक्यात चढताना पुढच्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरायचा आणि मागे वळून बघायचं नाही, कारण एक वळला की रांग तुटते. थोरलीने पोस्टमनचा पट्टा धरला आणि खाली हाक मारली, चल गं लवकर. थोड्या वेळाने तिच्या स्वतःच्या पिशवीला मागून ओढ बसली. आली बाई एकदाची, असं मनाशी म्हणून ती चढायला लागली. त्या दिवशी निघण्याआधी ओ घेतली गेली नाही. मुकादम घाईत विसरला, आणि मागचं माणूस पट्ट्याला लोंबकळतंय म्हटल्यावर ओ कशाला हवी, असं थोरलीलाही वाटलं.

बराकीच्या ओट्यावर पोचल्यावर ती वळली. धाकटी मागे होतीच. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, पिवळ्या रेनकोटचा रंग ओळखू येत नव्हता, केसांतून पाणी निथळत होतं आणि एक पाय तिने वर धरला होता. थोरलीने आधी तिला घट्ट मिठी मारली आणि मग झापलं. धाकटीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. तिने गळ्याला हात लावला आणि ती हसली.

पोस्टमन म्हणाले की डोंगराने आज उपकार केले, आता चार घास शांतपणे खाता येतील. सगळे हसले. धाकटीही हसली. बाकीच्यांचं हसून संपल्यावरही ती थोडा वेळ हसतच होती.

खाली जाणारा रस्ता दरड कोसळून बंद झाला होता. फोनवर डॉक्टरांनी सांगितलं की पाय मुरगळला असेल, घसा बसला असेल, रस्ता मोकळा होईपर्यंत विश्रांती द्या आणि बोलू देऊ नका. धाकटीला बोलू देऊ नका हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता, असं थोरली सगळ्यांना सांगत सुटली. तिची भीती गेली होती आणि त्यामुळे ती जास्तच बोलत होती.

३

पहिले दोन दिवस थोरली धाकटीपाशी बसून राहिली. धाकटीला खिडकीजवळची वेताची खुर्ची आवडली. तिथून उतार दिसायचा, म्हणजे ढग नसला तर. तिसऱ्या दिवशी धाकटीनेच बोट उताराकडे केलं आणि मान हलवली. जा कामाला, असं म्हणते आहे, असा थोरलीने अर्थ लावला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी दिवसभर लक्ष ठेवायचं कबूल केलं. मुकादमालाही माणसं कमीच पडत होती.

धाकटी नसल्यामुळे आता रांगेच्या शेवटी थोरली होती. जेवणं झाली, ढग चढला. हातातल्या कुदळीचा दांडा तेवढा दिसत होता. वरून हाक आली, “आहात काऽऽ?” एकेक ओ उतरत आली, पोस्टमनची आली, थोरलीने आपली दिली आणि पुन्हा कुदळ उचलली.

“ओऽऽ, आहे अजून!”

थोरली कामाला लागलीसुद्धा. दोन घाव घातल्यावर तिचा हात थांबला.

एक्स्चेंजमध्ये शेकडो आवाज रोज कानावरून जात, आणि एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे. पण कान फसतात हेही तिला तिथेच कळलं होतं. घरी गेल्यावर, पंखा चालू केला की पंख्यात घंटी वाजे. इतके दिवस रोज त्या क्षणी तेच ऐकलं, म्हणून आज कानाने ते स्वतःच भरून काढलं. तिने स्वतःला हे नीट समजावलं आणि तिला ते पटलं.

संध्याकाळी वर जाताना तिने पोस्टमनना सहज विचारलं, शेवटची ओ तुम्ही ऐकलीत का. ते म्हणाले, ऐकली की, धाकट्या बाईंची, नेहमीसारखी. थोरली म्हणाली, ती तर बराकीत आहे. पोस्टमन मोठ्याने हसले. म्हणाले, बघा, माणसाला सवयीने काय काय ऐकू येतं.

दोघांनाही एकच सवय, एकाच वेळी. हे काही नवल नव्हतं, असं थोरलीने ठरवलं. रांगेतल्या सगळ्यांना तीच सवय होती.

४

खोलीत लोखंडी शेगडी होती आणि ती दिवसभर पेटलेली असे. तरी धाकटीचे केस वाळत नव्हते. थोरली रोज संध्याकाळी ते टॉवेलने पुसायची, विंचरायची, वेणी घालायची, आणि सकाळी मुळाशी हात लावला की ओले. ताप येऊन घाम सुटत असेल, तिने मनात म्हटलं. पण कपाळाला हात लावला तर कपाळ गार होतं.

पायाची सूज वाढत नव्हती आणि उतरतही नव्हती. मलम लावताना थोरलीचा अंगठा जिथे दाबला गेला तिथे खड्डा पडला. सुजेवर खड्डा पडतोच. पण दुपारच्या जेवणाला तो तसाच होता आणि दिवेलागणीलाही तसाच होता. कुंडीतल्या ओल्या मातीत बोट रोवावं तसा. थोरलीने त्यावर मोजा चढवला आणि तो पाय पुन्हा उघडला नाही.

धाकटी कशाचाही त्रास देत नव्हती. समोर ठेवलं ते खात होती, पाणी दिलं की पीत होती, हसत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती शहाण्यासारखी वागत होती आणि थोरलीला ते सहन होत नव्हतं. एकदा तिने मुद्दाम तिला चिडवलं, तुझ्या केकमध्ये सोडा जास्त असतो म्हणाली. या एका वाक्यावर धाकटी एरवी अर्धा दिवस भांडली असती. धाकटी हसली.

आईचा फोन दर दोन दिवसांनी यायचा. बराकीच्या बोळात भिंतीवर एक जुना फोन होता, त्याची तार लांब होती आणि खुर्चीपर्यंत पोचायची. त्या दिवशी आई हट्टाला पेटली. म्हणाली, तिला फोन दे, बोलू नको म्हणावं, नुसतं ऐक. थोरलीने रिसीव्हर धाकटीच्या कानाला लावून धरला. आतून आईचा बारीक आवाज येत राहिला, बराच वेळ. धाकटी खिडकीबाहेर बघत होती.

मग थोरलीने रिसीव्हर आपल्या कानाला लावला.

“फोन खाली ठेवला होतास का गं?” आई म्हणाली.

“नाही. तिच्याच कानाला होता.”

“मग श्वास तरी ऐकू आला असता. मी आपली बोलत होते, आणि तिकडून नुसतं मोकळं मोकळं. कुणी नसल्यासारखं.”

थोरली म्हणाली, जुना फोन आहे आई, त्यातून काय ऐकू येणार. फोन ठेवल्यावर ती तिथेच बोळात उभी राहिली. पलीकडे माणूस गप्प बसलंय की माणूसच नाही, हे तिला तीस वर्षं न चुकता कळत आलं होतं. घशाचा आवाज असतो, कापडाची सळसळ असते, काहीतरी असतंच. तिने खोलीत परत जाऊन धाकटीच्या नाकाशी बोट धरून बघायचं ठरवलं. मग स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेच्या आडून भीती वाटली, म्हणून तिने बघितलं नाही.

५

खालची ओ रोज येत होती. ढग चढल्यावर, तिच्या ओनंतर, न चुकता. थोरली आता तिची वाट बघायची. आली की अंगावर काटा यायचा आणि आली नाही तर काय, या विचाराने त्याहून मोठा यायचा. एकदा ढग पातळ असताना ती हिंमत करून थोडी खाली उतरली. तिथे धाकटीने लावलेली रोपं होती, प्रत्येकाजवळ खुणेची काठी, आणि त्याखाली उतार एकदम तुटला होता. त्या दिवशी दगड गेले होते ते इथूनच. कड्याच्या तोंडाशी काटेरी झुडपं होती आणि पलीकडे पांढरं. ती परत वर आली.

ओ मात्र बदलत चालली होती. लांबवणं गेलं होतं. गाणं गेलं होतं. “ओ, आहे अजून,” एवढंच, कोरड्या घशाने. मग पुढच्या दिवशी नुसतंच “अजून”. वरून मुकादम विचारत होता, आहात का, आणि सगळ्यात खालून कुणीतरी त्याला जिवाच्या आकांताने सांगत होतं की आहे.

शेवटी थोरलीने मुकादमाला गाठलं. तो ओट्यावर कुऱ्हाडीला धार लावत होता. सगळं ऐकतानाही त्याने धार लावायचं थांबवलं नाही. या उतारावर खालून ओ येते, तो म्हणाला. तोडीच्या दिवसांतही यायची. आवाज कुठून फिरून येतो कुणी बघितलंय. जुने लोक सांगायचे की आवाज मोजू नका, माणसं मोजा.

“माझी माणसं पुरी आहेत,” तो म्हणाला. “तुमची बहीण आत खुर्चीत बसली आहे. मग तुम्हाला आणखी कोण हवंय?”

ती आत गेली. धाकटी खुर्चीत होती. आत आलेल्या माणसाकडे वळून बघायची तिची सवय गेली होती, ती काचेकडेच बघत राहिली. थोरलीने विचारलं, “तू माझीच आहेस ना गं?” आणि लगेच तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि रडली, कारण आजारी बहिणीला असं विचारणारी ती कसली थोरली. धाकटी तिच्याकडे बघून हसली.

त्याच संध्याकाळी कळलं की दरड उपसून झाली. उद्या दुपारपर्यंत काम, परवा सकाळी गाडी. दोघींच्या पिशव्या भरायच्या होत्या. घरी आई वाट बघत होती आणि जशी नेलीस तशी आण म्हणाली होती. थोरलीला त्या रात्री झोप लागली नाही. खालचा तो आवाज इथेच टाकून गाडीत बसायचं, हे तिला जमणार नव्हतं. पहाटेपर्यंत तिला एवढंच सुचलं की रांगेचा नियम सगळ्यांना लागू आहे. मधल्याने ओ दिली नाही, तर खालच्याने वर यायचं.

६

शेवटच्या दिवशी ढग सकाळपासूनच दाट होता. थोरलीने कुदळ बाजूला ठेवली आणि आपल्या पट्टीच्या मधोमध उभी राहिली.

“आहात काऽऽ?”

ओ उतरत आली. पोस्टमनची आली. थोरलीने दात घट्ट आवळून धरले. जीभ आपोआप उचलली जात होती, सवयीने. ती गप्प राहिली.

सगळा उतार गप्प झाला. मग वरून पोस्टमनची हाक आली, थोरल्या बाई? मग मुकादमाची एक लहान शिट्टी. हत्यारं खाली ठेवल्याचे आवाज. आणि खालून काहीच नाही. काही नाही, आणि थोरलीला एकदम सुटल्यासारखं वाटलं. वेडी होते मी, तिने मनाशी म्हटलं, कान फसले होते, बहीण खुर्चीत आहे, मी पोस्टमनची माफी मागेन.

तेव्हा खाली एक काठी हलली.

रोपाजवळची खुणेची काठी कुणीतरी धरली की ती करकरते. मग त्याच्या वरची करकरली. मग त्याच्या वरची. जे येत होतं ते रोपं न तुडवता येत होतं, एकेका काठीला धरून, मधे थांबत. पाय टाकल्याचा आवाज नव्हता, अंग ओढल्याचा होता. थोरलीला पळायचं होतं. तरी ती तिथेच उभी होती, कारण त्या थांबण्यामधे कुणीतरी धापा टाकत होतं.

सगळ्यात जवळच्या काठीवर एक हात आला. नखं मातीने काळी झालेली, मनगटापर्यंत पिवळी बाही. तो रेनकोट इतके दिवस बराकीत खुंटीवर टांगलेला होता. आज सकाळीच थोरलीने तो घडी करून पिशवीत घातला होता. हाताच्या मागे धुकं होतं, धुक्यात जमिनीलगत काहीतरी डोक्यासारखं होतं, आणि ते वर उचललं जात होतं. थोरलीने डोळे मिटले आणि पाठ फिरवली.

“अहो थोरल्या बाई!” पोस्टमन घसरत घसरत खाली पोचले. “केवढं घाबरवलंत. ओ का नाही दिलीत?” आणि मग तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत, तितक्याच मोकळेपणाने, “अरे, धाकट्या बाई, तुम्ही पण? पाय बरा झाला वाटतं. सांगायचं तरी, आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.”

थोरली डोळे उघडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या चेहऱ्यावर भीतीचं नाव नव्हतं. त्यांचा चष्मा दवाने पांढरा झाला होता आणि ते आनंदाने हसत होते. चला, आता काम पुरे, सगळेच वर जाऊ, असं म्हणून त्यांनी पाठ वळवली. थोरलीने त्यांचा पट्टा धरला.

तिच्या पिशवीला मागून ओढ बसली.

ती चढायला लागली. मागून पावलं येत होती, एक पाऊल टाकलेलं आणि एक ओढलेलं. गार वास येत होता, उपटलेल्या मुळांचा. आणि वाटेच्या वळणावर, जिथे वारा थांबतो तिथे, कानापाशी आवाज आला, इतका थकलेला की पोस्टमनना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

“रोज ओ देत होते, ताई. तू मला ठेवून जायचीस.”

थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हा धाकटीचा आवाज होता. लहानपणी शाळेतून घ्यायला उशीर झाला की ती अगदी अशीच म्हणायची. तिला वळून त्या मातीने भरलेल्या डोक्याला पोटाशी धरायचं होतं, आणि वळलं की काय दिसेल याची तिला मरणाची धास्ती वाटत होती. ती रडत रडत चढत राहिली.

७

बराकीपाशी ढग विरळ झाला होता. पोस्टमन पट्टा सोडवून घेऊन कुदळ-फावडी धुवायला नळाकडे गेले. बाकीचे अजून उतारावर हत्यारं गोळा करत होते, मुकादम वरच्या वाटेने माणसं मोजत येत होता. थोरली ओट्याच्या पायरीपाशी थांबली. तिच्या पिशवीवरचा हात तसाच होता.

वेताची खुर्ची आज ओट्यावर आणून ठेवली होती. उद्याच्या प्रवासाआधी जरा बाहेरचा वारा लागू दे, म्हणून मावशींनी आणली असणार. खुर्चीत धाकटी बसली होती. सकाळी थोरलीने घातलेली वेणी खांद्यावर, मांडीवर शाल. तिने थोरलीकडे बघितलं. मग तिची नजर थोरलीच्या खांद्यावरून मागे गेली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं हसू मावळलं.

“ताई,” मागून आवाज आला, “ही कोण?”

खुर्चीतली उठली. दुखऱ्या पायावर उठली, शाल खाली पडली, आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत ती मागे सरकली. मग तिने तोंड उघडलं, आणि आज तिथून आवाज निघाला, फाटका, कोरडा, कितीतरी दिवस न वापरलेला.

“ताई, तिला आत आणू नकोस.”

थोरलीने ऐकलं. आयुष्यभर ती हेच काम करत आली होती, तारेवरून आलेला आवाज ऐकायचा आणि तो कुणाचा ते ओळखायचं. तिने पुढचा आवाज मनात पुन्हा ऐकला, मागचा पुन्हा ऐकला. दोन्हींत तसूभरही फरक नव्हता. पुढचीच्या डोळ्यांत ती लहान असल्यापासूनची भीती होती, अंधाऱ्या जिन्यावरची. मागचीने पट्टा घट्ट धरून ठेवला होता आणि त्याची ओढ थोरलीच्या पाठीच्या कण्यातून खाली उतरत होती. दोघी तिची बहीण होत्या आणि घरी एकीलाच न्यायचं होतं.

आत भांडी वाजली. मावशींना ओट्यावरचं काही दिसत नव्हतं, पायरीवर कुणीतरी आलंय एवढंच त्यांना कळलं असावं.

“आलात का थोरल्या बाई?” त्यांनी आतूनच विचारलं. “वाढायला घेते. तुमच्याकडची ताटं किती मांडू?”

थोरलीने तोंड उघडलं. एक तिचं, एक बहिणीचं; दुसरा कुठला आकडा सांगणार होती ती.

“दोन,” ती म्हणाली.

आणि तिच्या पुढून आणि तिच्या मागून, अगदी एकाच वेळी, कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.